गोळीचा मुहूर्त

आमच्या मुरुम गावात कुणाचा हात थरथरायला लागला की घरोघरी डॉक्टर उगवतात. मला आधी वाटायचं, शहाणपण माणसाला वयानं येतं. आता कळलं, ते दुसऱ्याच्या आजारपणानं येतं. ज्यांना स्वतःच्या घरातला मिक्सर दुरुस्त करता येत नाही, ते आमच्या ओसरीवर बसून माझ्या नवऱ्याच्या मेंदूवर बोलतात. बोलता बोलता चहा पितात. साखर कमी पडली असेल तर तेही सांगतात.

नवऱ्याचं नाव बुद्धघोष. सासऱ्यांनी धम्मदीक्षा घेतली आणि त्यानंतर झालेल्या पहिल्या मुलाला हे नाव ठेवलं. पुढं तोच मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झाला, आणि उरलेल्या वेळात बौद्धाचार्य, म्हणजे आमच्या समाजातली लग्नं लावणारा माणूस. पंचांग नाही, दक्षिणा नाही. पांढरा सदरा घालून तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात त्रिसरण-पंचशील द्यायचं. मुरुमपासून लोहाऱ्यापर्यंत समाजातल्या निम्म्या संसारांची सुरुवात ह्यांच्या आवाजानं झाली आहे. त्यातले काही मोडले, पण त्यात आवाजाचा दोष नव्हता. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. मीही म्हणते.

मी संघप्रिया. एसटीत वाहतूक नियंत्रक होते. स्टँडवर काचेमागं बसायचं, गाड्या आल्या-गेल्या लिहायच्या आणि माइकवरून सांगायच्या, हे माझं काम. निवृत्त होऊन काही वर्षं झाली तरी गाव मला कंट्रोलर बाई म्हणतं, आणि घरात गुरुजीसुद्धा. जन्म माइकसमोर गेलेल्या बाईला आवाज कळतो. म्हणून गुरुजींचा हात हलायला लागण्याच्या कितीतरी आधी मला कळलं, की ह्यांचा आवाज उतरतोय. जेवताना भाजी मागायचे आणि ती शेजारी बसलेल्या मला ऐकू यायची नाही. सगळ्यांनी मिळून माझे कान तपासून आणले. कान उत्तम निघाले.

मग हात हलायला लागला आणि अख्खं गाव हाताकडं बघायला लागलं. सोलापूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पार्किन्सन्स असं नाव सांगितलं. आपल्याकडं त्याला कंपवात म्हणतात. नावातच कंप असल्यामुळं बघणारे कंपच बघतात. चालताना पाय जमिनीला चिकटतात, चेहरा हसायचं विसरतो, सदऱ्याच्या गुंड्या लावण्यात सकाळ जाते, हे कुणी विचारत नाही. आवाजाचं तर कुणाच्या गावीही नाही. येणारा प्रत्येक जण हाताकडं बघून चुकचुकतो, आणि गुरुजी काही बोलले की माझ्याकडं वळून विचारतो, "काय म्हणायलेत?" समोर जिवंत माणूस बसलाय, त्यालाच परत विचारावं, हे कुणाला सुचत नाही.

अशात आमच्या श्रावस्तीचं लग्न ठरलं. एकुलती एक मुलगी, पुण्यात नोकरी करते. मुलगा लोहाऱ्याचा. बोलणी करायला बसलो तेव्हा तिनंच सांगून टाकलं, "माझं लग्न माझे पप्पाच लावतील. बाकी तुमचं काय असंल ते बोला." लहानपणी ही पोर वडिलांच्या सायकलवर पुढच्या दांडीवर बसून लग्नांना जायची आणि तिथं त्यांच्यापुढं माइक धरून उभी राहायची. मुलाचे वडील ज्ञानोबा, शांत माणूस. ते म्हणाले, "माझं लग्न गुरुजींनीच लावलंय. मी कोण नको म्हणणारा?"

तेव्हापासून माझ्यापुढं एकच गोष्ट होती. लग्नाच्या दिवशी अर्धा-पाऊण तास ह्यांचा आवाज मांडवाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला पाहिजे. हात हलो, पाय अडखळो, सदऱ्यावर चहा सांडो, मला त्याचं काही नव्हतं.

पण मला काय हवंय ते आमच्या नातेवाइकांना कुठं हवं असतं? त्यांना इलाज हवा होता, तोही त्यांच्या ओळखीचा.

पहिला नंबर माझ्या नणंदेचा, गजराबाईचा. तिच्या मते जगातला प्रत्येक रोग अशक्तपणानं होतो. ती सकाळी सकाळी उकडलेली अंडी आणि ग्लासभर म्हशीचं दूध घेऊन यायची आणि गुरुजी गोळी घेताना पाण्याऐवजी तेच दूध पुढं करायची. "कोऱ्या पोटी गोळी घिऊ नये दादा, उष्णता व्हती." दादा बिचारे बहिणीचं मन राखायचे. आणि दुपारपर्यंत लाकडासारखे बसून असायचे. मग गजराबाई म्हणायची, "बघा, डाक्टरच्या गोळीचा कायबी गुण न्हाय." शेवटी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ही गोळी आणि दूध, अंडी, डाळ असली सगळी ताकदीची मंडळी शरीरात एकाच दारानं शिरतात. दारात गर्दी झाली की गोळी बाहेर राहते. गोळी घ्यायची ती साध्या पाण्याबरोबर, जेवणाच्या बरीच आधी, आणि दूध-अंडी ठेवायची संध्याकाळी. मला हे लगेच पटलं. बाजारच्या दिवशी एसटीच्या दारात कोण आत जातं आणि कोण राहतं, ते मी जन्मभर बघितलेलं आहे. गजराबाईला मात्र पटलं नाही. तिचं म्हणणं, डॉक्टरला म्हशीच्या दुधातलं काय कळतंय.

दुसरा नंबर शांतलिंगचा. हा नळदुर्गकडं हायवेला एका धाब्यामागं बसतो आणि मणक्यापासून मूळव्याधीपर्यंत सगळ्याला पुडी देतो. ट्रकवाले त्याला मानतात. ट्रकवाले मानतात म्हणून माझा दीर सुगत मानतो. सुगतनं पुड्या आणल्या आणि मी आंघोळीला गेल्याचं बघून गुरुजींना चारल्या. नवल म्हणजे दोन दिवस गुरुजी खरंच मोकळे चालले. सुगतनं गावभर सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून ह्यांची मान वळायला लागली, खांदे फिरायला लागले, बसल्या जागी सगळं अंग पिळवटायला लागलं. सुगत म्हणतो, "बघा वहिनी, आंग कसं हलकं झालंय." मी पुडी घेतली आणि सोलापूर गाठलं. डॉक्टरांनी हुंगली, कुणी दिली ते विचारलं आणि कपाळाला हात लावला. पुडीत खाजकुहिलीच्या बिया होत्या. आपल्या गोळीत जे औषध असतं तेच त्या बियांतही असतं, फक्त किती असतं ते कुणाला ठाऊक नसतं. म्हणजे आत गोळी चालूच आणि वरून हे. एका प्रवाशाला दोन तिकिटं फाडण्यातला प्रकार. ज्या वेलाला हात लागला तर माणूस अंग खाजवत बोंबलतो, तो वेल ह्या दिवट्यानं सख्ख्या भावाला न विचारता, न सांगता चारला. उंटावरून शेळ्या हाकणारे मी पुष्कळ पाहिले, पण हा त्या शेळ्यांना औषधही पाजतो.

सुगतबद्दल थोडं सांगायला हवं. गुरुजींपेक्षा बराच लहान. पांढरे कपडे घालतो, पण लग्न लावण्यासाठी नव्हे, निवडणुकीसाठी. अजून तिकीट मिळालेलं नाही, कपडे मात्र तयार आहेत. श्रावस्तीच्या लग्नाला मोठमोठे लोक बोलवायचे, असं त्यानं आमच्या आधी ठरवलं होतं, आणि त्या लोकांपुढं भावाचा हात हललेला त्याला चालणार नव्हता. म्हणून त्यानं तिसरा इलाज काढला, ऑपरेशन.

ऑपरेशनबद्दल डॉक्टरांनीच आधी एकदा सांगितलं होतं, त्यामुळं ती अफवा नव्हती. मेंदूत बारीक तार सोडतात, छातीच्या कातडीखाली बॅटरी बसवतात. पुण्याला होतं, हैदराबादला होतं. आम्ही तिघं पुन्हा सोलापूरला गेलो. डॉक्टर गुरुजींकडं बघून बोलले. हा एक गुण त्यांच्यात आहे, आजारी माणसाकडं बघून बोलतात. म्हणाले, "हाताची थरथर बरीच कमी होईल. हालचाल मोकळी होईल. गोळ्याही कमी होतील कदाचित. पण आवाजाची खात्री मी देत नाही. काही जणांचा आवाज त्यानंतर आणखी बसतो. म्हणून तुम्हाला सगळ्यात जास्त काय हवंय ते आधी सांगा, गुरुजी."

गुरुजींनी ओठ हलवले. तेवढ्यात सुगत बोललासुद्धा. "हात थांबला पायजे साहेब. लग्नाला मोठी मोठी मानसं यायलीत."

"आवाज," मी म्हटलं. "हे आवाज म्हणाले."

"वहिनी, तुमी तुमच्या मनचं सांगायलात. दादा कायच बोलले न्हायत."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बोलणाऱ्याचं बोलणं ऐकू येत नाही म्हणून तो बोललाच नाही, हा कुठला न्याय? पण मी काही बोलायच्या आत डॉक्टर खुर्चीतून उठले, वळसा घालून आले आणि त्यांनी आपला कान गुरुजींच्या तोंडाजवळ नेला. ऐकलं. परत जागेवर जाऊन बसले आणि म्हणाले, "लग्नापर्यंत ऑपरेशनचं नाव काढायचं नाही. नंतर बघू." त्यांनी गोळ्यांच्या वेळा नव्यानं बांधून दिल्या आणि आवाजाचा व्यायाम शिकवणाऱ्या एका मुलीकडं पाठवलं.

व्यायाम साधा होता. रोज सकाळी पोटातून श्वास घेऊन जमेल तेवढ्या मोठ्यानं 'आ' म्हणायचं, आणि तो लांबवत न्यायचा. मग रोजची वाक्यं ओरडून म्हणायची. ह्या आजाराच्या माणसांना आपण नेहमीसारखं बोलतोय असंच वाटत असतं. खरं तर ते कुजबुजत असतात, म्हणून त्यांना वाटेल की आपण भांडतोय इतक्या जोरात बोलायला लावायचं, असं त्या मुलीनं सांगितलं. वाक्यं कुठली, तर तुमच्या सवयीची. मी म्हटलं, माझ्याकडं पुष्कळ आहेत.

मग आमच्या अंगणात रोज सकाळी गुरुजी उभे राहून ओरडायला लागले, "मुरुमहून नळदुर्गमार्गे सोलापूरकडं जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." मी ओसरीच्या टोकाला बसून म्हणायची, "ऐकू येत नाही. प्रवासी बसून राहिले." ते पुन्हा म्हणायचे. एकदा दम लागून थांबले आणि म्हणाले, "कंट्रोलर, एवढं वरडून गाडी तर येतच न्हाय." त्यांचा चेहरा हसत नव्हता, पण मला कळलं की ते हसतायत. मी न्हाणीत जाऊन तोंडावर पाणी मारून आले.

गल्लीला अर्थातच त्रास झाला. शेजारचा सिद्धाराम भिंतीवरून मान काढून म्हणाला, "बाई, गुरुजीच्या वरडण्यानं माझी म्हैस दूध चोरायलीय." मी म्हटलं, "चोरू दे. गजराबाईला तेवढंच कमी मिळंल." त्याच्या घरी पहाटेपासून भजनाची कॅसेट कर्ण्यावर वाजते. त्यात म्हैस रमते. माणसाचा आवाज तिला सोसत नाही.

अशा रीतीनं उन्हाळा आला आणि लग्न आलं. सुगतनं पत्रिका छापली. वर साहेबांचं, म्हणजे ज्यांच्याकडून सुगतला तिकीट हवं होतं त्या पुढाऱ्याचं नाव, त्याखाली साहेबांच्या माणसांची नावं, मग त्या माणसांच्या माणसांची, मग सुगतचं, फोटोसकट. नवरा-नवरीची नावं होती, शोधली की सापडत होती. लग्नाची वेळ, दुपारी साडेबारा.

आता ह्या वेळेबद्दल. आम्ही मुहूर्त सोडला त्याला सत्तर वर्षं होत आली. सासरे म्हणायचे, आपल्या लग्नासाठी सूर्य काही वेगळा उगवत नाही. खरंच आहे. पण मुहूर्त सोडल्यावर वेळही सोडायची असते, असा आमच्या लोकांनी समज करून घेतला आहे. साडेबाराचं लग्न तीनला लागलं तर त्याला आमच्याकडं वक्तशीर म्हणतात. आणि मी, त्या सासऱ्यांची सून, घट्ट मुहूर्त धरून बसले होते. माझा मुहूर्त गोळीच्या डबीत होता. गोळी घेतल्यावर तासाभरानं गुरुजींचं अंग सुटतं, आवाज उघडतो. थोडा वेळ उघडा राहतो. मग दुकान बंद. पुढची गोळी लगेच रेटून चालत नाही, ती तिच्या वेळेनंच लागते. हे मी सुगतला आठवडाभर सांगत होते. तो म्हणायचा, "व्हय वहिनी, टायमावर म्हंजी टायमावर."

लग्नाच्या दिवशी कार्यालयात मी वेळ बघून गोळी दिली, साध्या पाण्याबरोबर. पाठ वळली नाही तोच गजराबाई ग्लास घेऊन हजर. "आज उभं ऱ्हायचंय दादाला. बदाम घातलेत." मी तिच्या हातातून ग्लास घेतला आणि तिच्यासमोर उभ्या उभ्या सगळं दूध पिऊन टाकलं. मला दूध आवडत नाही.  नंतर गजराबाईनं सगळ्यांना सांगितलं की वहिनी नवऱ्याच्या तोंडचं काढून खाते.

साडेबारा झाले. गुरुजी मंचावर खुर्चीत ताठ बसले होते, पांढरा सदरा, चेहऱ्यावर तेज. अंग सुटलं होतं. मला त्यांनी जवळ बोलावलं आणि म्हणाले, "गाडी फलाटावर लागली, कंट्रोलर." मला ते पंख्याच्या आवाजातसुद्धा ऐकू आलं. आणि मांडवात काय? वरात पेट्रोल पंपाजवळ नाचत होती. डीजेचा धक्का इथपर्यंत छातीत बसत होता. सुगत माइकवर सांगत होता, "साहेब निघालेत. नळदुर्ग सोडलंय. साहेब आले की लगेच कार्यक्रमाला सुरुवात होईल." 'निघालेत' ह्या शब्दाचा अर्थ मला नोकरीनं शिकवलेला आहे. निघालेत म्हणजे अजून अंगावर टॉवेल आहे.

आणि मंचाच्या कडेला उमरग्याचा एक तरुण आचार्य बसला होता. पांढरंशुभ्र, इस्त्रीचं. मी विचारलं हे कोण? सुगत म्हणाला, "स्टेपनी म्हणून बोलावलंय वहिनी. दादाला न्हाय जमलं तर." म्हणजे भावाला न जमण्याची तयारी त्यानं केली होती. भावाला जमण्याची नाही.

मी आणखी थोडा वेळ थांबले. एका आल्या-गेल्याचा सत्कार झाला, दुसऱ्याचा झाला. प्रत्येक सत्काराबरोबर गुरुजींच्या आवाजातला थोडा थोडा वेळ शालीत गुंडाळून कुणी ना कुणी घरी नेत होतं. तिसरी शाल निघाली तेव्हा मी मंचावर चढले आणि सुगतच्या हातातून माइक घेतला. तो 'वहिनी, वहिनी' करत राहिला. माइक हातात आला की मी कुणाची वहिनी नसते.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," मी म्हटलं. माझ्या तोंडून तेच आलं. "श्रावस्तीच्या लग्नाची गाडी आता सुटत आहे. पेट्रोल पंपाजवळ नाचणाऱ्या मंडळींनी ताबडतोब जागेवर यावं. ही गाडी कुणासाठीही थांबणार नाही, आणि मागून दुसरी गाडी नाही."

मुरुमच्या माणसांनी हा आवाज जन्मभर ऐकलेला आहे. बाहेर पान खात उभे असलेले आत पळाले. बायकांनी पोरं उचलली. एकानं तर लांबून खुर्चीवर रुमाल टाकून जागा धरली. डीजे बंद झाला आणि ज्ञानोबा स्वतः आपल्या पोराला दंडाला धरून घेऊन आले. म्हणाले, "बाई, हितनं पुढं लोहाऱ्याची सगळी लग्नं तुमीच सोडा."

गुरुजी उभे राहिले. हात हलत होता, म्हणून श्रावस्तीनं लहानपणीसारखा माइक त्यांच्यापुढं धरला. नवरीच्या वेशात. त्यांनी पोटातून श्वास घेतला, आणि आवाज निघाला. पूर्वीचा नव्हे. पूर्वीचा डोंगरावरून यायचा, हा घाट चढून येत होता. पण आला. शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी माना वर केल्या. त्रिसरण झालं, पंचशील झालं. आचारी झारा हातात घेऊन दारात येऊन उभे राहिले. नवऱ्या मुलाची प्रतिज्ञा झाली, एकेक ओळ गुरुजींनी सांगायची, त्यानं मागून म्हणायची. मी खाली खांबाला टेकून उभी होते. त्या वेळी मला कुणाचाही राग नव्हता, हे लिहून ठेवते, कारण पुन्हा असं लिहायची वेळ येईल असं वाटत नाही.

नवरीची प्रतिज्ञा सुरू होणार, तेवढ्यात फाटकापाशी फटाक्यांची माळ लागली. साहेब आले. सुगतनं श्रावस्तीच्या हातातला माइक काढून घेतला. "दोन मिनिटं, फकस्त दोन मिनिटं." लग्न मध्यावर थांबलं. नवरा-नवरी बाजूला. साहेबांना शाल, साहेबांना गुच्छ, साहेबांच्या माणसांना शाली. मग साहेब बोलले. गुरुजींचा थरथरता हात आपल्या हातात धरून, वर करून, फोटोवाल्याकडं बघत म्हणाले, हा हात समाजाची सेवा करून करून झिजलेला आहे. टाळ्या पडल्या. ज्या हातात झिजण्यासारखं कधी काही नव्हतं, त्याला टाळ्या. आणि जो आवाज समाजासाठी झिजला तो त्या हातामागं उभा राहून मिनिटामिनिटानं कमी होत होता. मला दिसत होतं. आधी पापण्या हलायच्या थांबल्या. मग चेहरा बंद झाला. मग खांदे वाकले.

साहेबांना पुढचं लग्न होतं. ते गेले, त्यांच्यामागं सुगत गेला, सुगतमागं अर्धा मांडव उठला आणि थेट जेवणाच्या रांगेत जाऊन उभा राहिला. माइक श्रावस्तीकडं परत आला. गुरुजींनी श्वास घेतला, तोंड उघडलं. माइकमधून नुसता वारा आला. पुन्हा घेतला. पुन्हा वारा. कुणीतरी म्हणालं, "माइक खराब हाय." माइक चांगला होता.

उमरग्याचा आचार्य घसा खाकरत उठला. सदरा सरळ केला. मी पायरीवर पाय ठेवला, पण माझ्या आधी श्रावस्ती बोलली. "तुमी बसा, काका. पप्पा सांगायलेत."

तिनं माइक त्यांच्यापुढून काढून स्वतःच्या तोंडापुढं धरला. मुंडावळ्या नव्हत्याच, नुसता फुलांचा हार होता, तो मागं सारला आणि आपला कान वडिलांच्या ओठांना लावला. ऐकलं. सरळ झाली आणि पहिली ओळ म्हटली, मोठ्यानं, स्वच्छ. पुन्हा कान लावला. दुसरी ओळ. प्रतिज्ञा तशीही लग्न लावणाऱ्यानं सांगायची आणि नवरीनं मागून म्हणायचीच असते. फरक एवढाच, की सांगणारा फक्त तिला ऐकू येत होता. तिला त्या ओळी पाठ होत्या. माइक धरून शेकडो लग्नांत ऐकलेल्या. कान न लावताही म्हणता आल्या असत्या. पण तिनं एकही ओळ ऐकल्याशिवाय म्हटली नाही. प्रत्येक वेळी थांबली, गुरुजींचा श्वास पुरा होऊ दिला. जेवणाच्या रांगेत पत्रावळी वाजत होत्या, कुणी मठ्ठा मागत होतं. पुढच्या दोन रांगा तेवढ्या हलल्या नाहीत. ज्ञानोबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली होती. शेवटी त्या दोन रांगांनीच 'साधु, साधु' म्हणत साधुकार दिला. मला रडू आलं. रागानं आलं असं मी सगळ्यांना सांगितलं.

गोष्ट इथं संपली असती, पण आमच्याकडं वरातीमागून घोडं यायचंच असतं. पाहुणे पांगल्यावर एका सकाळी सुगत लग्नाचा व्हिडिओ घेऊन आला. गजराबाईही होती, दूध घेऊन. टीव्हीवर लावला. साहेब आले ते गाडीतून उतरल्यापासून गाडीत बसेपर्यंत, पुढून, मागून, वरून. गुरुजी छातीपासून वर, कारण हात दिसू द्यायचा नाही असं सुगतनं सांगून ठेवलं होतं. आणि प्रतिज्ञेच्या वेळी श्रावस्तीचा आवाज, त्यात मधे मधे रिकाम्या जागा.

"हितं नुसतं सुनं वाटायलंय," सुगत म्हणाला. "मी बोललोय व्हिडिओवाल्याला. त्या उमरग्याच्या आचार्यांचा आवाज टाकून घिऊ. दादाचं तोंड तर हलायलंच. कुणाला कळतंय?"

"चांगलं हुईल की," गजराबाई म्हणाली. "लोकाला वाटंल दादा बरा झाला."

मी बोलायला तोंड उघडलं. काय काय बोलणार होते ते आता सांगत नाही. गुरुजींनी तोच हात वर केला, हलणारा, आणि मला थांबवलं. सकाळची गोळी त्यांनी साध्या पाण्याबरोबर घेतली होती, वेळेवर. अंगणात गाड्याही सोडून झाल्या होत्या. ते खुर्चीचा हात धरून उठले, पाय रोवले, पोटातून श्वास घेतला.

"नको," गुरुजी म्हणाले. "माझ्या पोरीला जे ऐकू आलं, तेच त्यात राहील."

टीव्हीतला आवाज त्याखाली बुडाला. पलीकडं सिद्धारामची म्हैस धडपडून उभी राहिली आणि भिंतीवर त्याची मान दिसली. गजराबाईच्या हातातलं दूध सांडलं.

सुगत कानावर हात ठेवून म्हणाला, "आवं दादा, एवढं मोठ्यानं कशाला बोलायलात? ऐकू यायलंय मला."